सोपान मुन्शींनी अर्ज दिला होता

मागच्या महिन्यात वाडीच्या शाळेतले एक मास्तर माझ्याकडे आले होते. गावाची जुनी हकीकत ते एका वहीत उतरवून काढतात. त्यातलं एक पान त्यांनी मला वाचून दाखवलं. निजामाच्या अमदानीत एका नापिकीच्या साली वाडीने शेतसाऱ्याच्या माफीसाठी अर्ज लिहून घेतला. पण सोपान मुन्शी नावाच्या अर्जनविसाने पैसे खाऊन तो कचेरीत दिलाच नाही, आणि त्यापायी गावाचे बैल जप्त झाले, असं त्यात होतं.

"त्या वेळच्या कचेरीतले तुम्ही एकटेच राहिलात, आजोबा," मास्तर म्हणाले. "बरोबर लिहिलंय ना?"

"तसंच ऐकलंय," मी म्हणालो.

मास्तरांनी त्या पानावर खूण केली, चहा घेतला आणि ते गेले. त्या रात्री मी हे लिहायला घेतलं.

तो अर्ज कचेरीत आला होता. सोपान मुन्शींनी तो माझ्या हातात दिला होता. माझ्याकडून तो राहून गेला. सापडला तेव्हा मी तो जाळला, आणि विचारलं तेव्हा आलाच नाही म्हणून सांगितलं. एवढं आधीच लिहून टाकतो, कारण पुढे गेल्यावर हात आखडेल अशी भीती वाटते. तहसील कोणती ते लिहीत नाही, आणि त्या गावालाही नुसतं वाडीच म्हणतो. दोष माझ्या एकट्याचा आहे.

पण मुन्शी माणूस कसा होता, तेही मास्तरांच्या वहीत नाही. ते सांगायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

त्या काळी कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले. थकलेल्या साऱ्याची नोटीस उर्दूत, जप्तीचा हुकूम उर्दूत. ज्याच्या नावाने नोटीस निघे त्याला तर मराठीही वाचता येत नसे. त्याचं म्हणणं उर्दूत मांडायला सरकारची सनद घेतलेले अर्जनवीस असत. आमच्या कचेरीसमोरच्या चिंचेखाली असे चौघे बसत. तिघे पिढीजात लिहिणाऱ्या घरचे होते. चौथे सोपान मुन्शी, धारूरकडच्या डोंगरातल्या कुणब्याचा मुलगा. लहानपणी बैलगाडीचं चाक पायावरून गेलं, पाय वाकडा झाला, नांगर धरता येईना. तेव्हा बापाने त्यांना एका मौलवींकडे शिकायला ठेवलं.

डोक्याला शेतकऱ्याचा फेटा, खाली धोतर आणि वर कचेरीच्या रिवाजाप्रमाणे काळी शेरवानी, असा त्यांचा अवतार असे. शेरवानीची वरची दोन बटणं तुटलेली. एखादा माणूस गाऱ्हाणं घेऊन आला की ती काढून चिंचेच्या फांदीला अडकवायचे, आणि अर्ज घेऊन कचेरीत शिरताना पुन्हा अंगात घालायचे. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, "कोट बघितला की माणूस खोटं बोलाया लागतंय. त्येला वाटतं, सरकारच बसलंय म्होरं."

समोरचा माणूस रडायला लागला की ते बोरू खाली ठेवत. "रडून घे आदी. अर्जात रडायचं न्हाई. सायबाला आसवं वाचता येत न्हाईत."

साऱ्यात सूट मागायची तर पीक किती आणे उतरलं ते सांगावं लागे. सोळा आणे म्हणजे भरघोस. चार आण्यांच्या खाली गेलं तर माफीची आशा. बाकीचे तिघे सगळ्यांचंच एकसारखं लिहीत, की दाणाही आला नाही, बायकापोरं उपाशी आहेत, सरकारने मायबाप व्हावं. तहसीलदार असले अर्ज दुरूनच ओळखत आणि बाजूला टाकत. सोपान मुन्शी मात्र माणसाला आल्या पावली परत पाठवत. "शेताच्या चार कोपऱ्यांचं एकेक कणीस आण, आन् मधलं एक. तवर मी कागद काढत न्हाई." कणसं आली की ती तळहातावर चोळायचे, फुंकर मारून भूस उडवायचे आणि दाणे धोतराच्या सोग्यावर पसरून बघत बसायचे. मग साडेतीन आणे म्हणजे साडेतीनच आणे लिहायचे. पाच आणे असलं तर सांगायचे, "माफी न्हाई मिळायची. हप्ते मागू." ते दाणे फडक्यात बांधून, वर नाव लिहून, पेटीत ठेवून द्यायचे. त्यामुळे त्यांचा अर्ज पुढे आला की तहसीलदार चष्मा लावायचे.

नेकनूरकडचे एक पाटील एकदा घोड्यावरून आले. पाच वाळकी कणसं त्यांनी पेटीवर टाकली. मुन्शींनी कणसांकडे पाहिलंच नाही. पाटलांच्या पायांकडे पाहिलं.

"पाटील, चारी कोपरे फिरून आलात?"

"आलो की."

"काळ्या रानात? कालच्या पावसानंतर? आन् जोड्याला माती न्हाई लागली?"

झाडाखालचे लोक हसू दाबायला लागले. पाटील म्हणाले, "गड्यानं आणली कणसं. त्यात काय बिघडलं?"

"मग अर्जावर अंगठा बी गड्याचाच घ्यावा लागंल."

"मुन्शी, मी कोण हाय ते ठावं हाय का तुला?"

"हाय की. म्हणूनच लिहीत न्हाई. तुमचं एक खोटं निघालं की मागच्या दहा जणांचं खरं बुडतंय."

पाटील शेजारच्या अर्जनविसाकडे गेले. त्याने बायकापोरांसकट सगळं झोकात लिहून दिलं. ते बाजूला पडलं.

वाडीचं आणि मुन्शींचं नातं जुळलं ते गिरजाबाईमुळे. ही वाडीची विधवा बाई. तीन सालांची बाकी अंगावर, आणि नोटीस घेऊन आलेल्या चपराश्याला तिने काठी दाखवलेली. तिचं अर्धं रान ओढ्याच्या पुरात वाहून गेलं होतं, सारा मात्र सगळ्या रानाचा लागत होता. ती मुन्शींपुढे बसली आणि म्हणाली, "ओढ्यानं रान नेलं तर सारा बी ओढ्यालाच मागा की! मला कावून मागता?"

"असंच लिहू का, बाई?"

"लिहा. भ्यायचं काय त्यात?"

मुन्शी खोकला येईपर्यंत हसले. मग शेरवानी फांदीवर तशीच ठेवून, वाकडा पाय ओढत वाडीला गेले. दोरी घेऊन ओढ्याच्या पाण्यात उतरले, पटवाऱ्याला काठावर उभा केला आणि किती रान उरलं, किती गेलं, ते मापून घेतलं. वाहून गेलेल्या रानाचा सारा बाकीसकट सुटला, उरलेल्याचे हप्ते झाले. लिहिणावळ मात्र नेहमीचीच, दोन आणे. निकाल लागेपर्यंत ते कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. निकालानंतर गिरजाबाईने वाळकं, म्हणजे रानातल्या काकड्या आणल्या, त्या मुन्शींनी झाडाखाली चिरून सगळ्यांना वाटल्या. मलाही एक फोड पाठवली. त्यानंतर वाडीचा माणूस दुसऱ्या कुणाकडे गेला नाही.

आता माझं. मी नोकरीला लागलो तेव्हा शाळेतली उर्दू येत होती. कचेरीतली वेगळीच होती. घाईने लिहिलेली मोडकी अक्षरं, त्यांना टिंबं नाहीत, एक शब्द दुसऱ्यात शिरलेला. पहिल्याच महिन्यात मला काढून टाकायची बोलणी सुरू झाली. हे मुन्शींच्या कानावर गेलं. ते मला दुपारच्या सुट्टीत चिंचेखाली बसवू लागले. "टिंबं हुडकू नको, बापू. माणूस काय म्हणत असंल ते हुडक. अक्षर आपसूक दिसंल." सहा महिने त्यांनी मला शिकवलं. त्याबद्दल घेतलं काही नाही. उलट त्यांच्या फडक्यातली अर्धी भाकरी मीच खाल्ली.

आलेले अर्ज घेणं, वहीत चढवणं आणि तहसीलदारांपुढे ठेवणं, हे माझं काम होतं. अर्ज देणाऱ्या प्रत्येकाला मुन्शी बजावत, "रसीद घेतल्याबिगर पायरी उतरू नको." स्वतः मात्र माझ्याकडून त्यांनी कधी रसीद घेतली नाही. एकदा मी आपणहून विचारलं, "मुन्शीजी, रसीद लिहू का?" तर म्हणाले, "ज्या हाताला मी वळण लावलं, त्याच हाताची रसीद घेऊ? लोक हसतील की बे मला." ते 'बे' लाडाचं होतं.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या साली पाऊस मधेच गेला. ज्वारी गुडघ्याला येऊन करपली. हुकूम निघाला, की ज्यांना माफी हवी त्यांनी पीक उभं आहे तोवर अर्ज द्यावेत. अंमलदार जाऊन पाहतील. कापणीनंतर कुणाचं ऐकलं जाणार नाही. साऱ्या वाडीचा मिळून एक अर्ज मुन्शींनी लिहिला. खाली अंगठ्यांची रांग होती. तीन आणे पीक. अर्ज त्यांनी दुपारी माझ्या हातात दिला.

त्या वेळी आवक वही वरिष्ठांच्या टेबलावर होती. मी अर्ज उजवीकडच्या बस्त्यात, म्हणजे कागद बांधायच्या फडक्यात, वरच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सासुरवाडीहून माणूस आला. मला मुलगा झाला होता. रजा मांडून मी निघालो तो बारसं करूनच परतलो. तोवर त्या बस्त्यात हातभर कागद चढले होते. वाडीचा अर्ज माझ्या डोक्यातून साफ गेला.

इथवरचं एखाद्या माणसाने माफ केलं असतं. पण मुन्शींनी मला दोनदा विचारलं होतं. "बापू, वाडीचा अर्ज म्होरं गेला का?" मी दोन्ही वेळा म्हणालो, "गेला." बस्ता उघडून न बघता म्हणालो. तेव्हा ज्वारी रानात उभी होती.

कापणी झाली. अंमलदार वाडीला गेलेच नव्हते. सारा भरला नाही म्हणून जप्ती निघाली आणि वाडीचे बैल कचेरीच्या आवारात आणून बांधले. त्यांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज टेबलापर्यंत येत होता. मी बस्ता सोडला. अर्ज तळाला होता. मुन्शींचं वळणदार अक्षर, आणि खाली ते अंगठे.

तेव्हाच उठून तहसीलदारांपुढे गेलो असतो तर? नोकरी गेली असती. आधीच्या वर्षी एक कागद गहाळ केला म्हणून एकाला घरी बसवला होता. घरी बाळंतपणातून नुकती उठलेली बायको होती, तान्हं पोर होतं. ही कारणं मी पन्नास वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. अर्ज मी कोटाच्या आत घालून घरी नेला आणि सकाळी न्हाणीच्या चुलीत घातला. त्याच पाण्याने अंघोळ केली आणि कचेरीत गेलो.

त्याच दिवशी मुन्शी वाडीच्या लोकांना घेऊन तहसीलदारांपुढे उभे राहिले. शेरवानी अंगात होती. गिरजाबाई पुढे होती. तहसीलदारांनी मला बोलावलं.

"वाडी की अर्जी आई थी?"

"नहीं आई, सरकार."

मुन्शींनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. टिंबं नसलेली ओळ वाचावी तसं ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. तहसीलदारांनी त्यांना विचारलं, रसीद आहे? नाही. अर्ज दिला कुणाच्या हातात?

"कचेरीत दिला, सरकार."

"कुणाच्या हातात?"

मुन्शींनी पुन्हा 'कचेरीत' एवढंच सांगितलं. गिरजाबाई ओरडली, "आवो, नाव घ्या की! कुणाला दिलाव ते सांगा!" त्यांनी नाव घेतलं नाही. मग तीच बाई त्यांच्याकडे वळून म्हणाली, "म्हंजी दिलाच न्हाई व्हय?" मी शेजारी उभा होतो. मुन्शींची सनद तिथल्या तिथे जमा करून घेतली.

दुपारच्या सुट्टीत मी घरी होतो, तिथे ते आले. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. शेरवानी हातात होती.

"हाय का तो कागद?" त्यांनी हळूच विचारलं. "असला तर सापडला म्हण. नुसतं सापडला म्हण. कुणी हारवला ते मी निघू देत न्हाई. बैल सुटतील."

मी मान आडवी हलवली.

"जाळलास?"

मी खाली बघितलं.

"कावून बे?"

हे 'बे' वेगळं होतं. तेवढ्यात माझी बायको पोराला खांद्याशी धरून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "मुन्शीजी, बाहीर का? आत या की." मुन्शींनी तांब्या घेतला. उभ्यानेच पाणी प्याले. पोराच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "आईवर गेलंय. बरं झालं." आणि पाय ओढत निघून गेले. बायको मला म्हणाली, "असं काय बोलले?" मी म्हणालो, "थट्टेनं."

मुन्शी गप्प बसले नाहीत, हेही मास्तरांच्या वहीत नाही. सनद गेल्यामुळे त्यांना अर्ज लिहिता येत नव्हता. मग ते वाडीतल्या पाचसहा जणांना घेऊन पायी बीडला, जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांकडे गेले. लोक त्यांच्याबरोबर धड बोलत नव्हते. दुसरा कुणी वाट दाखवणारा नव्हता, म्हणून गेले एवढंच. त्यांना स्वतःला आत सोडलं नाही. फाटकाबाहेर बसून त्यांनी गिरजाबाईला पढवलं, काय सांगायचं, काय नाही. पेटीतली वाडीच्या दाण्यांची फडकी तिच्या ओटीत दिली. तिने ती साहेबांच्या टेबलावर एकेक सोडली. हे तिनेच पुढे कचेरीच्या आवारात सगळ्यांना सांगितलं. "साहेबानं दाणं हातात घेतलं. म्हनला, ही ज्वारी हाय का राळं? म्या म्हनलं, साहेब, ज्वारीच हाय. तुमच्या साऱ्याच्या भ्यानं आकसली."

लिलाव थांबला. राहिलेले बैल सुटले. थकलेल्या साऱ्याचे दोन सालांचे हप्ते ठरले. माफी मात्र झाली नाही, कारण वेळेत अर्ज नव्हता. ज्यांचे बैल हुकूम यायच्या आधीच नेकनूरच्या बाजारात विकले गेले होते, त्यांना ते परत मिळाले नाहीत. त्यांत गिरजाबाईची जोडी होती. त्या साली तिने आणि तिच्या जावेने खांद्यावर जू घेऊन पेरणी केली. मी ते पाहिलं नाही. पाहून आलेल्या चपराश्याने कचेरीत हसत हसत सांगितलं, तेव्हा मी कागदावर मान घालून बसलो होतो.

चौकशीत मुन्शींची सनद कायमची रद्द झाली. त्या कागदावर माझी साक्ष आहे. त्यांनी तिथेही माझं नाव घेतलं नाही. माझ्या पोराची दया आली असेल, असं मी बरीच वर्षं समजत होतो. तसं समजणं सोयीचं होतं. आता मला वेगळं वाटतं. हातात पुरावा नसताना त्यांनी जन्मात कुणासाठी एक ओळ लिहिली नव्हती. स्वतःसाठीही लिहिली नाही. पुरावा मी चुलीत घातला होता.

चिंचेखालची त्यांची जागा दुसऱ्याने घेतली. मला बढती मिळाली. माझं उर्दू अक्षर चांगलं आहे, असा शेरा बढतीच्या हुकमावर होता.

त्यानंतर सातआठ वर्षांनी कामानिमित्त वडवणीला गेलो होतो. आठवड्याचा बाजार होता. घोडं बांधून मी पानाच्या दुकानापाशी उभा राहिलो. समोर एका व्यापाऱ्याचा धान्याचा ढीग होता, आणि ढिगापाशी पाय पसरून, पायली हातात घेऊन माप घालत बसले होते सोपान मुन्शी. अंगात बंडी होती. फेटा तोच. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

पोतं धरून उभा असलेला एक शेतकरी मोठ्याने म्हणाला, "नीट माप बरं का मुन्शी. अर्ज गिळलास तशी पायली गिळशील." आजूबाजूचे हसले. व्यापारीही हसला आणि म्हणाला, "आता दात न्हाईत त्येला."

मुन्शींनी मान वर केली. त्यांची नजर त्या शेतकऱ्याकडे गेली नाही, माझ्याकडे आली. त्यांनी मला ओळखलं. पायली भरलेली होती, ती त्यांनी तशीच ढिगावर धरून ठेवली. ओतली नाही. माझ्याकडे बघत थांबले.

मला बोलायला पुरेसा वेळ होता. तिथे पंधरावीस माणसं होती, त्यांत वाडीचीही असतील. मी सरकारी माणूस होतो, माझं ऐकून घेतलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. शेतकरी म्हणाला, "काय बे, झोपलास का?" तरी ते थांबलेच.

मी पानवाल्याला म्हणालो, "चुना कमी."

मुन्शींनी नजर खाली केली. पायली पोत्यात ओतली. पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायची रीत आहे, तसं ते म्हणाले, "लाभ." मग दुसरी भरली, वरून हात फिरवून सपाट केली. मी घोडं सोडलं. बाजाराच्या टोकापर्यंत मागून त्यांचा आवाज येत होता. दोन... तीन... चार... कुठेही न चुकता, घाई न करता.